विश्लेषण : महाग पांढरा चहा तोच चांगला? चिनी प्रतवारी काय सांगते, काय सांगत नाही…

ऑनलाइन बाजारात आणि मोठ्या शहरांतील चहाच्या खास दुकानांत ‘व्हाइट टी’च्या छोट्या डब्या आता सहज दिसू लागल्या आहेत. दर नेहमीच्या चहा पावडरीच्या कित्येक पट. डबीवर ‘सिल्व्हर नीडल’, ‘व्हाइट पिओनी’, ‘शोउ मेई’ अशी नावे आणि सोबत कधी ‘स्पेशल ग्रेड’, तर कधी ‘दहा वर्षे जुना’ असा दावा. यातले नाव कोणते, प्रत कोणती आणि निव्वळ जाहिरात कोणती, हे न कळल्याने बहुतेक ग्राहक किमतीवरूनच दर्जा ठरवतात. पांढऱ्या चहाच्या बाबतीत हा सर्वात महागात पडणारा अंदाज आहे.

पांढरा चहा म्हणजे काय?

चीनमध्ये चहाचे सहा मुख्य गट मानले जातात : हिरवा, पांढरा, पिवळा, उलाँग, लाल आणि गडद. भारतात ज्याला काळा चहा म्हणतात, तो चिनी परिभाषेत लाल. हे सहाही गट कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीपासून तयार होतात. फरक पडतो तो पाला खुडल्यानंतर त्याचे काय केले जाते यामुळे.

हिरव्या चहात पाला लवकरच तापवला जातो. त्यामुळे पानातील ऑक्सिडीकरण थांबते आणि हिरवेपणा टिकतो. लाल चहात पाने मुद्दाम चुरगळली जातात, म्हणजे ऑक्सिडीकरण जोरात होते. पांढऱ्या चहात यातले काहीच केले जात नाही. खुडलेला पाला बांबूच्या पसरट चाळण्यांवर पातळ थरात पसरतात, साधारण दीड ते तीन दिवस कोमेजू देतात आणि नंतर मंद उष्णतेवर वाळवतात. एवढीच प्रक्रिया.

कृती साधी असली तरी काम सोपे नाही. ऊन जास्त झाले तर पाला लालसर पडतो, हवा दमट राहिली तर काळवंडतो. झाकायला मसाला नाही, भाजण्याचा खमंग वास नाही. त्यामुळे कच्चा माल आणि त्या दोन-तीन दिवसांतील हवामान यांचा परिणाम थेट कपात उतरतो. पावसाळी दिवसांत बंद खोलीत उबदार हवा खेळवून पाला कोमेजवला जातो. ‘पांढरा’ हे नाव मात्र चहाच्या पाण्यावरून नव्हे, तर कोवळ्या कोंबावरील पांढऱ्या लवेवरून पडले आहे.

मुख्य प्रकार किती?

आग्नेय चीनमधील फुजियान प्रांत हे पांढऱ्या चहाचे माहेर. तेथील फूडिंग आणि झेंगहे ही दोन नावे सर्वात महत्त्वाची, त्याखालोखाल जिआनयांग आणि सोंगशी. चीनच्या राष्ट्रीय मानकात (जीबी/टी २२२९१-२०१७) पांढऱ्या चहाचे चार प्रकार दिले आहेत.

पहिला, बायहाओ यिनझेन, म्हणजेच ‘सिल्व्हर नीडल’. यात फक्त कोंब असतो, पान नाही. जाड, टोकदार आणि रुपेरी लवेने झाकलेला. वसंतातील खुडणीच्या अगदी सुरुवातीला, मार्चच्या उत्तरार्धापासून याचे दिवस असतात. चव नाजूक, गोडसर आणि पाणी फिकट.

दुसरा, बाय मुदान, म्हणजे ‘व्हाइट पिओनी’. एक कोंब आणि एक किंवा दोन कोवळी पाने. हिरवट पानांमध्ये रुपेरी कोंब असे त्याचे रूप, म्हणून फुलाचे नाव. सुगंध यिनझेनपेक्षा मोकळा आणि चवही भरलेली.

तिसरा, गोंग मेई. शब्दश: अर्थ ‘नजराण्याची भुवई’. चौथा, शोउ मेई, ‘दीर्घायुष्याची भुवई’. शोउ मेईमध्ये मोठी, उमललेली पाने आणि देठ जास्त, कोंब कमी. वसंताच्या शेवटी, तसेच शरद ऋतूतही हा पाला खुडला जातो. पाणी गडद, चव गोड आणि भरीव.

या चौघांची ओळख सांगताना दुकानदार बहुधा शिडी उभी करतात : वर यिनझेन, मग मुदान, मग गोंग मेई, तळाला शोउ मेई. गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

ही शिडी चुकीची का?

कारण हे चार प्रकार एकाच मापाने वेगळे केलेले नाहीत. यिनझेन आणि मुदान यांच्यात फरक आहे तो पाल्याच्या कोवळेपणाचा. गोंग मेई वेगळा ठरतो तो झाडाच्या वाणामुळे. मानकानुसार यिनझेन आणि मुदान ‘दा बाय’ म्हणजे मोठ्या कोंबाच्या पांढऱ्या चहाच्या वाणांपासून किंवा ‘शुई शियान’ वाणापासून करायचे असतात. गोंग मेई मात्र बियांपासून वाढलेल्या, स्थानिक मिश्र झाडांच्या कोवळ्या शेंड्यांपासून होतो. शोउ मेईला यातला कोणताही वाण चालतो.

पूर्वी व्यापारात गोंग मेई म्हणजे ‘जरा बरा शोउ मेई’ असे समजले जाई. २००८ च्या मानकात शोउ मेई हा वेगळा प्रकार नव्हताच. २०१७ च्या सुधारित मानकाने तो स्वतंत्र केला आणि गोंग मेईची ओळख झाडाच्या वाणाशी बांधली. तरीही अनेक विक्रेते आजही जुनीच व्याख्या सांगतात. मिश्र झाडांचा पाला कमी मिळत असल्याने खरा गोंग मेई बाजारात तुलनेने थोडाच असतो, हे त्यांच्या बोलण्यात येत नाही.

मग प्रत म्हणजे काय?

प्रकार आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकार ठरल्यानंतर त्याच्या आत प्रतवारी होते. यिनझेनच्या दोन प्रती : विशेष आणि पहिली. बाय मुदान आणि गोंग मेई यांच्या प्रत्येकी चार : विशेष, पहिली, दुसरी, तिसरी. शोउ मेईच्या दोन : पहिली आणि दुसरी. त्यामुळे ‘विशेष प्रतीचा शोउ मेई’ असे डबीवर लिहिलेले असेल, तर ती प्रत राष्ट्रीय मानकातली नाही. विक्रेत्याने स्वत: दिलेली आहे.

प्रत ठरते ती डोळे, नाक आणि जिभेने. कोरडा पाला एकसारखा आहे का, कोंब किती, रंग कसा, देठ-काडी-कचरा किती, हे आधी पाहतात. मग ठरलेल्या पद्धतीने चहा करतात : तीन ग्रॅम पाला, दीडशे मिलिलिटर उकळते पाणी, पाच मिनिटे. त्यानंतर सुगंध, चव, पाण्याचा रंग आणि भिजून उमललेली पाने तपासली जातात. याशिवाय ओलाव्याची मर्यादा आहे : वजनाच्या साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त नको. चहा साठवायचा असेल तर हाच आकडा कळीचा ठरतो, कारण जास्त ओलावा म्हणजे बुरशीला आमंत्रण.

म्हणजे प्रत एवढेच सांगते की, आपल्या प्रकारात हा माल किती कोवळा, एकसारखा आणि स्वच्छ आहे. विशेष प्रतीचा मुदान हा तिसऱ्या प्रतीच्या मुदानपेक्षा वरचा, हे म्हणणे बरोबर. पण पहिल्या प्रतीचा यिनझेन हा पहिल्या प्रतीच्या शोउ मेईपेक्षा ‘चांगला’, असे प्रतवारी कुठेही म्हणत नाही. आमरसाला चांगला आंबा आणि लोणच्याला चांगली कैरी यांची एका रांगेत तुलना होत नाही, तसेच हे.

भारतीय ग्राहकाला हा मुद्दा नवा वाटायला नको. घरोघरी उकळणारा सीटीसी चहा ‘बीपी’, ‘पीडी’, ‘डस्ट’ अशा प्रतींत विकला जातो आणि ही नावे प्रामुख्याने दाण्याचा आकार सांगतात. उत्तम मळ्याची डस्ट सामान्य मळ्याच्या मोठ्या दाण्यापेक्षा कितीतरी सरस असू शकते. पुण्यातील अमृततुल्यवाल्यांना हे पाठ असते. मग परदेशी चहा घेतानाच प्रतीच्या नावापुढे मान का तुकवायची?

किमतीत इतका फरक कशामुळे?

त्याचे मोठे कारण मजुरी आणि हंगाम. यिनझेनचे कोंब हाताने, एक-एक करून खुडावे लागतात आणि त्यांचा काळ जेमतेम काही आठवड्यांचा असतो. वाळल्यावर वजन घटते. साधारण चार ते पाच किलो ताज्या पाल्यातून एक किलो चहा मिळतो. हंगामाच्या पहिल्या दिवसांत कोंबांचा भाव सर्वाधिक असतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील छिंगमिंग सणानंतर तो उतरत जातो. शोउ मेईचा पाला मोठा, भरपूर आणि वर्षात अधिक काळ मिळणारा. त्यामुळे तो स्वस्त.

म्हणजे यिनझेनची किंमत ही त्याच्या दुर्मीळपणाची आणि मजुरीची किंमत आहे. ती द्यावी की नाही, हा आवडीचा प्रश्न. पण ती चवीच्या श्रेष्ठतेची पावती नव्हे. कडक चहाची सवय असलेल्या अनेकांना यिनझेन ‘नुसते गरम पाणी’ वाटतो आणि त्यात त्यांचा दोष नाही.

शोउ मेईची बाजू तर मुद्दाम मांडायला हवी. हाँगकाँगच्या डिमसमच्या उपाहारगृहांत कित्येक दशके हाच चहा रोजचा म्हणून प्यायला गेला. मोठ्या पानांत आणि देठांत गोडवा देणारे घटक अधिक असल्याने तो उकळला तरी कडू होत नाही. साठवला तर चांगला मुरतो. चहा पातेल्यात उकळण्याची सवय असलेल्या घरासाठी चौघांतला सर्वात सोयीचा प्रकार हाच. ‘तळाची प्रत’ म्हणून त्याला नाकारणे म्हणजे स्वत:चेच नुकसान.

फूडिंग की झेंगहे?

डबीवर गावाचे नाव असेल तर ते प्रतीपेक्षा अधिक काही सांगते. फूडिंग हे समुद्राजवळ, ताइमू पर्वताच्या परिसरात. तेथे ‘फूडिंग दा बाय’ आणि ‘फूडिंग दा हाओ’ हे वाण प्रसिद्ध. कोंब गुबगुबीत, लव दाट, उन्हात कोमेजवण्याची परंपरा, चव ताजी आणि हलकी. झेंगहे आत डोंगराळ भागात. तेथे ‘झेंगहे दा बाय’ हा उशिरा फुटणारा वाण आहे आणि हवेशीर सावलीत सावकाश कोमेजवण्याकडे कल. चव जरा दाट. जिआनयांगमधील शुईजी हे बाय मुदानचे मूळ ठिकाण मानले जाते.

यापैकी कोणते श्रेष्ठ यावर फुजियानमध्ये वाद संपत नाहीत. बाजारात मात्र फूडिंगचे नाव सर्वाधिक चालते. चीनमधील पारंपरिक चहानिर्मितीला नोव्हेंबर २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यात फूडिंगच्या पांढऱ्या चहाची कृतीही आहे. नाव मोठे झाले की त्या नावाखाली दुसरीकडचा मालही विकला जातो. ‘फूडिंग पद्धतीचा’ आणि ‘फूडिंगचा’ यांत फरक आहे. लेबल वाचताना तो एक शब्द सुटता कामा नये.

नाव पांढरे, पण चहा वेगळा?

असेही होते. झेजियांग प्रांतातील ‘आंजी बाय चा’ याचा अर्थ ‘आंजीचा पांढरा चहा’. प्रत्यक्षात तो हिरवा चहा आहे. त्या वाणाची पाने थंडीत, वसंताच्या सुरुवातीला फिकट होतात म्हणून नावात ‘पांढरा’. प्रक्रिया मात्र हिरव्या चहाची. पांढरा चहा हजार वर्षांचा असल्याचे सांगताना सोंग घराण्यातील सम्राट हुइझोंग याच्या बाराव्या शतकाच्या आरंभीच्या चहाविषयक ग्रंथाचा दाखला दिला जातो. तो ‘पांढरा चहा’ही फिकट पानांच्या एका दुर्मीळ झाडाचा होता. आजची कृती त्यामानाने बरीच अलीकडची आहे.

युनान प्रांतातील ‘युएगुआंग बाय’ म्हणजे ‘मूनलाइट व्हाइट’ हा मोठ्या पानांच्या झाडांचा, आसामच्या चहाच्या जवळच्या कुळातला. पाने एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने रुपेरी. चव मधाळ. तो चांगला असू शकतो, पण फुजियानच्या चार प्रकारांच्या चौकटीत त्याची प्रत लावता येत नाही.

तिसरा अपवाद ‘नव्या कृतीचा’ पांढरा चहा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फूडिंगमध्ये हाँगकाँगच्या बाजारासाठी तो तयार झाला. यात पाला हलका चुरगळला जातो, त्यामुळे पाणी गडद आणि चव कडक. उपाहारगृहांना परवडणारा चहा देणे हा त्यामागचा उद्देश होता.

दार्जिलिंग आणि निलगिरीच्या काही मळ्यांतही पांढरा चहा होतो. कोमेजवणे आणि वाळवणे हे तत्त्व तेच, पण वाण, उंची, हवामान वेगळे. त्यावरील ‘सिल्व्हर नीडल’ हे वर्णन समजावे. चिनी मानकाची प्रत तिथे लागू होत नाही.

जुना चहा खरेच अधिक मोलाचा?

गेल्या दीड दशकात पांढऱ्या चहाची बाजारपेठ सर्वाधिक बदलली ती ‘जुना’ या शब्दाने. ‘एक वर्षाचा चहा, तीन वर्षांचे औषध, सात वर्षांचा ठेवा’ अशा अर्थाची म्हण चीनमध्ये विक्रेत्यांच्या तोंडी असते. पाच वर्षांपुढील चहाला साधारणपणे ‘जुना पांढरा चहा’ म्हटले जाते.

मुरण्याची प्रक्रिया खरी आहे. हिरव्या चहाप्रमाणे पांढऱ्या चहात पानातील विकरे तीव्र उष्णतेने सुरुवातीलाच मारली जात नाहीत. कोरड्या, बंद जागेत वर्षानुवर्षे सावकाश बदल होत राहतात. कॅटेचिन कमी होतात, काही नवी संयुगे तयार होतात, हिरवट वास जातो आणि खजूर, सुकी पाने, वनौषधी अशा छटा येतात. पाणी फिकट पिवळ्याकडून तांबूस होते. अनेकांना ही चव आवडते.

पण मुरणे आपोआप होत नाही. कच्चा माल सुमार असेल तर दहा वर्षांनी तो दहा वर्षे जुना सुमार चहा होतो. साठवण दमट असेल तर कुबट. यिनझेन ताजा असताना जे देतो, ते पुढे हरवते. त्याउलट शोउ मेईला वर्षे मानवतात. म्हणजे प्रतवारीच्या कथित शिडीवर तळाला असलेला चहा साठवणीत वर जातो.

आणि इथे हिशेब जुळत नाही. पांढरा चहा मुख्यत: निर्यातीसाठी होत होता. चीनच्या देशांतर्गत बाजारात त्याची मागणी वाढली ती २००० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून. त्यापूर्वी तो साठवून ठेवण्याचे कारणच फार थोड्यांना होते. मग वीस-वीस वर्षे जुना पांढरा चहा आज इतक्या सहज आणि इतक्या प्रमाणात कुठून येतो? याचे सरळ उत्तर असे, की त्यातला बराच तेवढा जुना नसावा. उष्णता आणि ओलावा देऊन नवा पाला काही आठवड्यांत गडद करता येतो, हे व्यापारात सर्वांना ठाऊक आहे.

मानकाची खरी उणीव कोणती?

राष्ट्रीय मानक कोवळेपणा मोजते, स्वच्छता मोजते, ओलावा मोजते. वय मोजत नाही. जुन्या पांढऱ्या चहासाठी संघटनांनी वेगळी मानके केली आहेत, पण ती ऐच्छिक आहेत. राष्ट्रीय मानकाच्या क्रमांकातील ‘टी’ हे अक्षरही ते शिफारशीच्या स्वरूपाचे असल्याचे दाखवते. उत्पादकाने तो क्रमांक वेष्टनावर छापला, की मात्र त्यानुसार माल देणे त्याच्यावर बंधनकारक होते.

परिणामी ज्या गोष्टीमुळे आज किंमत सर्वाधिक वाढते, तिच्याच पडताळणीची पक्की सोय नाही. वेष्टनावर उत्पादनाची तारीख असते. पण ती पाला खुडल्याची आहे, चकती दाबल्याची आहे की डबीत भरल्याची, हे प्रत्येक वेळी कळत नाही. २०२३ मध्ये दाबलेल्या चकतीवर ‘पाला २०१३ चा’ असे लिहिले असेल, तर त्यातला २०२३ पडताळता येतो. २०१३ हा विक्रेत्याचा शब्द असतो. चव आणि रंग पाहून अंदाज बांधता येतो, पण वय नेमके सांगणारी खात्रीची चाचणी ग्राहकाच्या हाती नाही.

याचा फटका फक्त ग्राहकाला बसत नाही. फूडिंग परिसरात लहान शेतकरी पाला खुडून त्याच दिवशी बाजारात विकतात. त्यांना भाव मिळतो तो ताज्या पाल्याचा. वयाच्या नावावर वाढलेली किंमत साठा करणाऱ्याच्या खिशात जाते. साठा खरा असेल तर ते त्याच्या भांडवलाचे आणि जोखमीचे मोल. साठा खोटा असेल तर मात्र प्रामाणिकपणे दहा वर्षे चहा सांभाळणाऱ्याचा आणि राबून पाला खुडणाऱ्याचा, दोघांचाही हक्क मारला जातो. खुडणीच्या वर्षाची नोंद पाला विकत घेतानाच व्हावी आणि ती वेष्टनापर्यंत यावी, हाच यावरचा उपाय. ती व्यवस्था सर्वदूर पोहोचत नाही तोपर्यंत ‘वय’ या दाव्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

आरोग्याच्या दाव्यांचे काय?

पांढऱ्या चहात पॉलिफेनॉल असतात, हे खरे. ते इतर चहांतही असतात. वजन घटते, कर्करोग टळतो, साखर आटोक्यात येते, असे सांगण्याइतका ठोस पुरावा माणसांवरील अभ्यासांत नाही. ‘तीन वर्षांचे औषध’ ही म्हण आहे, वैद्यकीय सल्ला नव्हे. औषधे घेणाऱ्यांनी चहाच्या भरवशावर ती बंद करू नयेत.

‘पांढऱ्या चहात कॅफीन नसते’ हा आणखी एक गैरसमज. कोवळ्या कोंबांत कॅफीन बऱ्यापैकी असते, त्यामुळे नाजूक चवीचा यिनझेनही झोप उडवू शकतो. कपात किती उतरते हे पाल्याचे प्रमाण, पाण्याची उष्णता आणि वेळ यांवर ठरते.

भारतात विकत घेताना काय पाहावे?

भारतात चहाच्या आयातीवर मूळ सीमाशुल्कच १०० टक्के आहे. त्यामुळे अस्सल चिनी यिनझेन इथे स्वस्त मिळणे अवघड. फारच स्वस्त दिसला तर तो दुसरीकडचा किंवा दुसराच चहा असण्याची शक्यता धरावी. वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि एफएसएसएआय परवाना क्रमांक आहे का, हे आधी पाहावे.

त्यानंतर चार प्रश्न. पाला कोणता : नुसता कोंब, कोंब-पान की मोठी पाने? कुठला : प्रांत नव्हे, गाव किंवा तालुका? कधीचा : कोणत्या वर्षीच्या कोणत्या ऋतूत खुडलेला? आणि कसा साठवलेला? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे न देता जो विक्रेता फक्त ‘प्रीमियम’ आणि ‘रेअर’ म्हणतो, त्याच्याकडून घेण्याची घाई नको. मोठी चकती घेण्याआधी दहा-वीस ग्रॅमचा नमुना मागणे केव्हाही शहाणपणाचे.

डबी उघडल्यावर कोंब आणि पाने शक्यतो अखंड दिसली पाहिजेत, चुरा कमी हवा. वास स्वच्छ हवा. आंबूस, कुबट किंवा जळका वास आला तर वय कितीही सांगितले तरी तो चहा घेऊ नये. जुन्या चहात सगळी पाने एकसारखी काळी असतील आणि पहिले पाणी गडद लाल होऊन पुढची पाणी लगेच फिकी पडत असतील, तर संशय घ्यावा.

घरी करताना यिनझेनसाठी उकळून किंचित निवलेले पाणी, मुदानसाठी त्याहून जरा गरम, शोउ मेईसाठी सरळ उकळते. शोउ मेईचे चार-पाच ग्रॅम लिटरभर पाण्यात काही मिनिटे मंद आचेवर उकळले तर घरातल्या सगळ्यांना पुरते. दूध-साखर घातल्यास मूळ चव झाकली जाते, तेव्हा एवढे पैसे मोजून तो प्रयोग न केलेला बरा. उरलेला चहा हवाबंद डब्यात, मसाल्यांच्या फडताळापासून दूर ठेवावा. कोकण किनाऱ्यावरच्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत चहा ‘मुरवण्यासाठी’ वर्षानुवर्षे ठेवण्याचा बेत फसण्याचीच शक्यता अधिक.

पांढऱ्या चहाशी पहिली ओळख करून घ्यायची असेल, तर नव्या हंगामातील मधल्या प्रतीचा बाय मुदान आणि दोन-तीन वर्षांचा साधा शोउ मेई एवढे दोन नमुने पुरेसे आहेत. यिनझेन हवा असल्यास नंतर घ्यावा. आणि ‘वीस वर्षे जुना’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीकडे, तिच्यासोबत खुडणीच्या वर्षाची नोंद येत नाही तोवर, वळूही नये.